पहिली क्रूझ, सोलापूरहून : घरातली थोरली माणसं आणि मुलं बरोबर असताना

सोलापूरच्या माणसाला मोठं पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव, नाहीतर उजनी. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चौऱ्याहत्तर वर्षांत समुद्र दोनदाच पाहिला होता, तोही गेटवेच्या कट्ट्यावरून. गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जण मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ करून आलो. आप्पा, सासूबाई, आत्याबाई, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. जहाज या मार्गावर नवीनच आलेलं होतं, त्यामुळे विचारायला ओळखीचं कुणी नव्हतं. जे कळलं ते चुकत-माकत कळलं.

आल्यापासून शेजारपाजारचे, शाळेतले सहकारी, माहेरचे असे सगळे फोन करून विचारतात. एकदा नीट लिहूनच काढते.

आधी माझं मत सांगते. घरात गुडघे धरलेलं माणूस असेल तर रोज हॉटेल बदलत फिरण्यापेक्षा जहाज कितीतरी बरं. बॅग एकदाच उघडायची, खोली आपल्याबरोबर चालते, जेवणाला लिफ्टने जायचं, आणि आजोबा दमले तर ते खोलीत झोपतात आणि बाकीच्यांचा दिवस वाया जात नाही. हे सुख मात्र पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी सुरू होतं. त्याआधीचा जो गोंधळ असतो तो सगळा जमिनीवरचा असतो, आणि तो बराचसा टाळता येतो.

१. हंगाम आधी ठरवा, जहाज नंतर

मुंबईहून क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा इथून अशा सहली निघत नाहीत. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या आसपास भाडं चढतं आणि लिफ्टसमोरसुद्धा रांगा लागतात. संक्रांतीच्या दिवसांत आपली सिद्धेश्वराची यात्रा, गड्डा. घरातली मोठी माणसं तेव्हा सोलापूर सोडायला तयार होत नाहीत. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी मला सगळ्यात सोयीचा वाटतो. शाळा एक-दोन दिवस बुडते, ती बुडू द्या.

सासूबाईंचा मुद्दा वेगळा होता. त्यांचे मामा मुंबईत गिरणीत कामाला होते, आणि रामदास बोटीची हकीकत त्यांनी मामांच्या तोंडून लहानपणी ऐकलेली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तुमच्याकडेही कुणी हे नाव काढलं तर हसण्यावारी नेऊ नका. मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं की ती बोट भर आषाढात निघाली होती, आपण पावसाळा टाळूनच जातोय. आणि आताच्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख्यासारखी पाती असतात, ती डोलणं कमी करतात. वर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, त्या पहिल्याच दिवशी दाखवतात. भीती पूर्ण गेली नाही, पण त्या यायला तयार झाल्या.

२. पैसे भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या

जाहिरातीतला आकडा दर माणशी असतो, आणि तो एका खोलीत दोघं राहतील असं धरून काढलेला असतो. त्यावर बंदर शुल्क, कर आणि बहुतेक ठिकाणी सेवाशुल्क असतं. ‘मुलं मोफत’ याचा अर्थ बऱ्याचदा मुलांचं भाडं मोफत, कर आणि बंदर शुल्क नाही. आम्ही ज्याच्याकडून बुकिंग केलं त्याने हे तोंडी सांगितलंच नव्हतं. शेवटची रक्कम आली तेव्हा ठरवलेल्या खर्चाच्या पाचव्या हिश्शाइतकी वाढली होती, आणि तोवर आगाऊ रक्कम परत मिळण्याची मुदत टळलेली होती.

म्हणून व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी उत्तर घ्या :

- सगळे कर धरून सात जणांचे (किंवा तुमचे जितके असतील तितक्यांचे) एकूण किती?
- सेवाशुल्क यात आहे की जहाजावर रोजच्या रोज लागणार?
- रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत?
- जेवणात काय येतं, काय वेगळं विकत घ्यावं लागतं? बहुतेक ठिकाणी बुफे आणि मुख्य भोजनगृह तिकिटात असतं. खास रेस्टॉरंट, थंड पेयं आणि कॉफी नसते.
- खोलीचा नंबर आत्ताच मिळणार की नंतर? ‘नंतर देऊ’ असं स्वस्त तिकीट असतं. म्हाताऱ्या माणसांसाठी ते घेऊ नका.

घरात कुणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल तर सगळ्यात आधी तेच विचारा. बहुतेक कंपन्या सहलीच्या शेवटापर्यंत २४ आठवडे पूर्ण होणार असतील तर घेत नाहीत, आणि बाळ किमान सहा महिन्यांचं असावं लागतं.

३. खोली : इथे घाई करू नका

खोलीला तिथे केबिन म्हणतात. चार प्रकार असतात : खिडकी नसलेली आतली, न उघडणारी काच असलेली, बाल्कनीची आणि मोठी स्वीट. आतली सगळ्यात स्वस्त असते, पण दिवा मालवला की तिथे दिवस आहे की रात्र हे कळत नाही. तरुण मुलामुलींना ती चालते. आप्पांसारख्या माणसाला, ज्याची पहाट साडेचारला उजाडते, तिथे कोंडल्यासारखं होईल. आम्ही थोरल्या दोघांना काचेची खोली दिली आणि आत्याबाई व मुलगी आतल्या खोलीत राहिल्या. आप्पा पहाटे खुर्ची ओढून काचेशी बसायचे. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, याचं आमच्यापुरतं उत्तर हेच.

जहाजाचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तो उघडा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, खोली जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर असावी. झोपाळ्याचा मध्य कमी हलतो आणि टोकं जास्त, तसंच जहाजाचं. ज्यांना घाटात उलट्या होतात त्यांनी टोकाची आणि वरची खोली टाळावी.

दुसरी, आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर उत्तम. आमच्या दोघांच्या खोलीवर पोहण्याच्या तलावाचा मजला होता. पहाटे पाचला वरची साफसफाई सुरू व्हायची आणि आरामखुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यात. नकाशा मी पाहिला होता, पण फक्त आपला मजला पाहिला होता.

तिसरी, लिफ्टपासूनचं अंतर. जहाजाचे बोळ फार लांब असतात. गुडघेदुखीवाल्यांना लिफ्टजवळची खोली, पण लिफ्टच्या अगदी भिंतीला भिंत लागून नको.

एक बारीकसारीक गोष्ट. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला असतो आणि सूर्य उजव्या हाताला मावळतो. येताना उलट. मधला बराच वेळ दोन्हीकडे नुसतं पाणीच असतं, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. समान भावात निवड मिळाली तर लक्षात ठेवा.

चौघांची खोली घेतली तर तिसरा आणि चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली उघडतो, शिडीने चढायचं असतं. तिथे मुलंच झोपू शकतात.

न्हाणीघराच्या दाराला चांगला उंच उंबरा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतो, पण रात्री उठणारं म्हातारं माणूस त्याला हमखास अडखळतं. पहिल्या रात्री आत्याबाई अडखळल्या, नशिबाने दाराची चौकट हाताला लागली. त्यानंतर आम्ही न्हाणीघरातला दिवा रात्रभर चालू ठेवला.

४. कागदपत्रं

मुंबई-गोवा किंवा मुंबई-लक्षद्वीपसारख्या देशातल्या सहलीला पासपोर्ट लागत नाही. आम्ही ही चळत नेली :

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र : आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक. छायाप्रतीवर अवलंबून राहू नका.
- मुलांचं आधार आणि जन्मदाखला.
- बुकिंगची पावती आणि ऑनलाइन चेक-इन केल्यावर मिळणारा बोर्डिंग पास, दोन्ही छापून.
- थोरल्यांच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी.
- आरोग्य विम्याचं कार्ड. जहाजावर दवाखाना असतो, पण तिथे पैसे भरावे लागतात. बिल जपून ठेवा.

नाव जसं ओळखपत्रावर तसंच बुकिंगवर. हा सापळा आपल्याकडे जास्त आहे, कारण कुणाच्या आधारवर मधलं नाव असतं, कुणाच्या नसतं, आणि सोलापुरात कितीतरी घरांत आडनाव आधी लिहिलेलं असतं. सासूबाईंच्या आधारवर माहेरच्या नावाची खूण राहिली होती. ती आम्ही बुकिंग करतानाच पाहिली म्हणून दुरुस्त झाली.

लहान मुलांचं निळं आधार पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे देऊन अपडेट करावं लागतं. आमच्या मुलाचं राहिलं होतं. निघायच्या दोन महिने आधी बघून घ्या, कारण आधार केंद्रावर सुट्टीत गर्दी असते. मूल आईवडिलांशिवाय काका-आत्यांबरोबर येणार असेल तर दोघांच्या सहीचं संमतीपत्र न्या.

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने हवी. जहाज मलेशियाला जाऊन परत सिंगापुरात येतं, म्हणजे सिंगापुरात दोनदा शिरावं लागतं. व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा प्रवेशाचा, हे छापील कागदावर वाचून घ्या.

५. बॅगा

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि त्या खोलीच्या दारात येतात. कधी दोन तासांनी, कधी संध्याकाळी. आप्पांच्या मधुमेहाच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत भरल्या होत्या. आम्ही दुपारी एकला जहाजावर होतो, ती बॅग सव्वासातला आली. त्या सहा तासांत मी किती वेळा खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले ते सांगता येणार नाही. औषधं, चष्मा, ओळखपत्रं, फोनचा चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. यात बदल नाही.

न्यायच्या वस्तू, ज्या कुणी सांगत नाही :

- चुंबकाचे हूक. खोलीच्या भिंती बहुतेक पोलादाच्या असतात. टॉवेल, टोप्या, पिशव्या सगळं टांगता येतं.
- छोटा मग. शौचालयं पाश्चात्त्य पद्धतीची असतात आणि जेट असेलच असं नाही.
- पातळ चादर. वातानुकूलन फार थंड असतं. सासूबाईंनी घरची सोलापुरी चादर हट्टाने घेतली होती. मी नको म्हणत होते, आणि दुसऱ्या रात्री तीच मुलाच्या अंगावर होती.
- रबरी तळाच्या चपला. डेक ओला असतो.
- आलेपाक.

न चालणाऱ्या वस्तू : इस्त्री, विजेची किटली, दारू, धारदार सुऱ्या, वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड. आणि उदबत्ती, निरांजन, काडेपेटी. जहाजावर आगीची भीती पाण्याहून मोठी असते, म्हणून उघडी ज्योत कुठेच चालत नाही. सासूबाईंची रोजची पूजा चुकत नाही, त्यांना हे घरीच सांगितलं होतं. त्यांनी सिद्धेश्वराचा छोटा फोटो नेला आणि हात जोडून जप केला. हे आधी सांगणं महत्त्वाचं. तपासणीच्या रांगेत पूजेची पिशवी उघडून सामान काढून घेतलं जातं तेव्हा त्या माणसाला फार लागतं. आमच्या पुढच्या आजींचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

खाण्याचं म्हणाल तर घरचे डबे, पोळ्या, लाडू बहुधा आत नेऊ देत नाहीत. कंपनीचं सील असलेली पाकिटं सहसा चालतात, तरी आपल्या कंपनीचा नियम विचारा. आम्ही दुकानातून बंद पाकिटातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेली होती आणि ती आत गेली. ओळखीच्या एका कुटुंबाची घरी कुटलेली, डब्यातली चटणी मात्र बाहेरच राहिली.

६. सोलापूर ते बॅलार्ड पिअर

मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, इंदिरा डॉकमध्ये आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं, आणि वर्षाला १० लाख प्रवासी धरून ते बांधलं आहे. सोलापूरकरांसाठी चांगली गोष्ट अशी की सीएसएमटी स्थानकापासून ते टॅक्सीने अगदी थोड्या अंतरावर आहे.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी लवकर सीएसएमटीला उतरता. चेक-इनची वेळ दुपारी असते. मधल्या वेळात सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप असलं तरच घेतात. आम्ही जवळच चार तासांसाठी खोली घेतली, आंघोळी केल्या, थोरल्यांना पाठ टेकता आली.

वंदे भारत सकाळी सोलापुरातून निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास पोहोचते. हिशोबाने ती चालते. पण जहाज सुटण्याच्या दीड-दोन तास आधी दार बंद होतं, आणि गाडी कुठे रखडली तर तिकिटाचे पैसे गेले. त्याच दिवशीच्या गाडीवर विसंबू नका, असं मी अगदी निक्षून सांगते.

टॅक्सीवाल्याला ‘बोटीवर जायचंय’ असं म्हणू नका. आमच्या दोन टॅक्स्यांपैकी एक थेट भाऊच्या धक्क्याकडे वळली, कारण रेवसची लाँच तिथून सुटते. दुसरे काही लोक गेटवेला पोहोचतात, एलिफंटाची बोट तिथून जाते म्हणून. ‘बॅलार्ड पिअर, इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल’ एवढे शब्द पाठ करा. आपली सहल देशातली असली तरी टर्मिनलच्या नावात इंटरनॅशनल आहे, त्यामुळे गोंधळू नका.

व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. आप्पा ‘मला कशाला खुर्ची’ म्हणत होते. टर्मिनलमधलं अंतर, रांगा आणि जहाजावर चढायचा उतरंडीचा पूल पाहिल्यावर ते गप्प बसले खुर्चीत.

७. पहिले चार तास

इथे एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. जहाजावर रोख चालत नाही. सुरुवातीला रोख रक्कम भरून किंवा क्रेडिट कार्ड जोडून खातं उघडायचं. मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या. काउंटरवर सांगितलं की लगेच करतात.

चढल्या चढल्या सगळे बुफेकडे धावतात. तुम्ही आधी खोली कुठे आहे ते बघा, थोरल्यांना बसवा, आणि मग मुख्य भोजनगृह उघडं असेल तर तिथे जा. गर्दी कमी असते आणि वाढायला माणसं असतात. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर लवकरची पाळी त्याच वेळी मागून घ्या.

मग फोन विमान मोडवर टाका. किनारा सुटला की जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क फोनला लागतं आणि त्याचे दर भयंकर असतात. आमच्या मुलीने हे सगळ्यांच्या फोनवर केलं, आत्याबाईंचा फोन राहिला, आणि त्याचं बिल महिनाअखेरीला कळलं. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही.

सुटण्याआधी सुरक्षेचा सराव असतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. आपल्या कार्डावर जमायच्या जागेचं अक्षर किंवा क्रमांक असतो, तिथे जायचं. कंटाळा म्हणून खोलीत बसू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळलं, ३२ जण गेले, आणि त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा हा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव व्हावाच लागतो. सासूबाईंनी जीवरक्षक जॅकेट स्वतः हातात घेऊन पट्टे कसे बांधायचे ते दोनदा विचारलं. त्यानंतर त्यांनी रामदास बोटीचं नाव काढलं नाही.

जहाज सुटताना सगळ्यांना वरच्या उघड्या डेकवर न्या. गेटवे आणि ताज मागे सरकतात, प्राँगचं दीपगृह दिसतं, आणि पुढे अलिबागच्या बाजूला डाव्या हाताला बेटावरचा खांदेरी किल्ला. हवा स्वच्छ असेल तरच दिसतो, तेवढं लक्षात असू द्या. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये हे बेट बांधायला घेतलं, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत खांदेरी आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही त्याच यादीत आणि याच किनाऱ्यावर, पण जहाज त्यांच्यापासून फार लांबून आणि रात्री जातं. मुलगी आप्पांना एकेक नाव सांगत होती. आप्पा कठड्याला धरून उभे, खुर्चीची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

८. जहाजावरचे दिवस

बोट लागणं : गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. डॉक्टरांना विचारून आणा, विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर. डोकं गरगरलं की खोलीत पडून राहण्यापेक्षा मोकळ्यावर या आणि दूर क्षितिजाकडे बघा. रिकाम्या पोटी राहू नका. आमच्याकडे फक्त माझ्या यजमानांना त्रास झाला, पहिल्या रात्री, आणि आलेपाक व कोरड्या टोस्टवर ते सकाळी ठीक होते.

जेवण : इथून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते. भाजी-वरण-भात मिळतो, पण आपल्या जिभेला ते सपक लागतं. शेंगाचटणीचं पाकीट तिथे कामाला आलं. जेवणाआधी साबणाने हात धुवा; पोटाच्या ज्या साथी जहाजावर पसरतात त्यांच्यावर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

मुलं : तलावाशी लाइफगार्ड असेल असं गृहीत धरू नका, एक मोठं माणूस कायम तिथे हवं. डायपरमधल्या बाळांना तलावात सोडत नाहीत. बाल्कनी घेतली असेल तर खुर्ची कठड्यापासून लांब. मुलांच्या खेळघराची नोंदणी पहिल्याच दिवशी करा.

नाचगाण्याचे कार्यक्रम रोज रात्री असतात. सुरू होण्याआधी वीस मिनिटं जा, म्हणजे थोरल्यांना कडेची खुर्ची मिळते. नवीन जहाजावर वेळापत्रक अॅपवर असतं आणि ते ऐनवेळी बदलतं. सकाळी स्वागतकक्षातून छापील कागद मागून घ्या. आमच्या जहाजावरची माणसंही नवीन होती, दोनदा दोघांनी दोन वेळा सांगितल्या.

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. सासूबाई जहाजावरही अर्धी बादलीच्या हिशोबाने आंघोळ करत होत्या, आणि मुलगा शॉवरखाली उभा राहिला की बाहेरून हाक मारत होत्या. आप्पांनी एका कर्मचाऱ्याला विचारलं, एवढं गोडं पाणी आणता कुठून? तो म्हणाला, समुद्रातूनच. इंजिनाच्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची आणि ती थंड करून गोळा करायची, किंवा दाबाने बारीक पडद्यातून गाळायचं. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पुढचे दोन दिवस ते प्रत्येक नळ उघडून एकदा हात धरून बघायचे.

९. गोव्यात उतरताना

जहाज पणजीला लागत नाही, मुरगाव बंदराला लागतं, वास्कोजवळ. पणजी आणि जुनं गोवं तिथून साधारण तीस किलोमीटर. परत येण्याची वेळ दाराशी लिहिलेली असते, आणि ती जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. आपण स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. जहाजाचं घड्याळ आणि आपलं घड्याळ जुळतंय ना ते बघा, कार्ड आणि ओळखपत्र दोन्ही जवळ ठेवा.

थोरली माणसं बरोबर असतील तर उत्तर गोव्याच्या किनाऱ्यांचा नाद सोडा. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, बंदरापासून जवळ. मुलांना जुनी विमानं जवळून बघता येतात. सोमवारी ते बंद असतं. तिथून बोगमाळोचा किनारा, तिथेच जेवण, आणि परत. आप्पा आणि सासूबाई तर उतरलेच नाहीत. सगळे उतरल्यावर रिकाम्या डेकवर दोघं बसून होते आणि आम्ही आलो तेव्हा आम्हाला लवकर का आलात म्हणाले.

१०. शेवटची रात्र आणि परतीचा दिवस

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे, चपला आणि औषधं आधी बाजूला काढा, मग बॅगेला कुलूप लावा. खात्याचा हिशोब त्याच रात्री मागून घ्या. आमच्या खात्यावर न घेतलेल्या दोन कॉफ्या लागल्या होत्या. रात्री दहाला सांगितलं, पाच मिनिटांत निघाल्या. सकाळी त्याच खिडकीसमोर रांग बोळाच्या टोकापर्यंत होती.

उतरून बाहेर यायला दहा वाजतात. वंदे भारत दुपारी चारच्या सुमारास सीएसएमटीहून निघते आणि रात्री अकराच्या आत सोलापूर. आठवड्यातला एक दिवस ती नसते, तारीख ठरवतानाच ते बघून घ्या. त्या गाडीचं तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढा, कारण आयत्या वेळी सात जागा मिळत नाहीत. दोन-तीन दिवस जमीन हलल्यासारखी वाटेल. आत्याबाईंना चौथ्या दिवसापर्यंत वाटत होती, नंतर गेली.

आणि घरातून निघायच्या आधी तुमच्या भागात पाणी कोणत्या दिवशी येतं ते मोजा. आम्ही परत येण्याच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी येऊन गेलं होतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवली होती म्हणून टाकी भरलेली मिळाली.